वाघोबांची जांभई

एका जंगलात, बाळांनो, राज्य जांभईवर चालायचं. दर पौर्णिमेला वाघोबा मोठ्या खडकावर बसून जांभई द्यायचे. प्रजा त्यांचे सुळे डोळे भरून पाहायची, थरथरायची आणि समाधानाने घरी जायची. सुळे आहेत तोवर राजा, असा साधा कायदा होता.

पण हल्ली पुढच्या रांगेतल्या हरणांना जांभईच्या वासानेच भोवळ येऊ लागली. शिवाय सुळे झिजत चालले होते. राज्यच धोक्यात आलं!

राजदंतवैद्य साळिंदरपंतांना बोलावणं गेलं. पंत वयस्कर, फार शिकलेले, आणि म्हणूनच फार घाबरट. त्यांनी अंगावरचा एक काटा उपसला आणि राजाचे दात कोरून पाहिले. अडकलेलं काही नव्हतं. पण जिभेवर फोड होते, सुळे आतल्या बाजूने विरघळल्यासारखे दिसत होते आणि घशातून आंबट वाफ येत होती.

"महाराज, जेवण केव्हा होतं?"

"झोपायच्या आधी. अर्धा रेडा. मग लगेच आडवा होतो. मधेच घशाशी जळजळतं, ते गिळून टाकतो. राजा आहे मी, थुंकणार थोडाच!"

पंतांच्या लक्षात आलं. पोटातलं आंबट पाणी वर येऊन दात खात होतं. पण घशाखालचा राजा त्यांच्या ताब्यात नव्हता. तो राजपोटवैद्य रानडुकराकडे होता.

"महाराज, मला वाटतं... म्हणजे माझी चूकही असेल... पण बहुधा हे पोटामुळे..."

"पोटामुळे?" शेजारी उभं असलेलं रानडुक्कर फिस्कारलं. "अहो पंत, उद्या शेपटीला खोकला झाला म्हणाल! महाराजांचं पोट ठणठणीत आहे. शंभर टक्के!"

"पंत, तुमचे किती टक्के?" वाघोबांनी विचारलं.

पंत विचारात पडले. शंभर म्हणणं शास्त्राला धरून नव्हतं.

"नव्वदच्या आसपास, महाराज."

"हे शंभर, तुम्ही नव्वद. संपला विषय."

मग राजाचे दात उठता-बसता बाभळीच्या काडीने घासले जाऊ लागले. वासासाठी खडकावर केवडा ठेवला. आणि अर्ध्या रेड्याचा अख्खा रेडा झाला. पोट ठणठणीत होतं ना!

पुढच्या पौर्णिमेला वाघोबांनी आ वासला आणि दोन्ही सुळे तुटून केवड्यात पडले.

प्रजा गांगरली. आता राजा कोण? तेवढ्यात कुणाचं तरी लक्ष रानडुकराकडे गेलं. त्याचे सुळे तोंडाबाहेरच होते. जांभईचीसुद्धा गरज नाही! राज्याभिषेक तिथल्या तिथे उरकला.

नव्या राजाने लगेच चौकशी लावली.

"सुळे कुठून पडले?"

"तोंडातून, महाराज."

"तोंड कुणाच्या खात्यात?"

सगळ्यांनी पंतांकडे पाहिलं.

पंत जंगलाबाहेर निघाले. वाटभर ते स्वतःलाच विचारत होते, "नव्वद जरा जास्तच सांगितले का?"

तात्पर्य: बाळांनो, पोटात काहीही जळत असो, तुम्ही दात घासत राहा. आणि चारचौघांत खरं सांगायचं असेल, तर आधी त्यातली शंका काढून टाका. ती निघत नसेल, तर खरं काढून टाका.