धोंडीभाऊंचं गुडघ्याचं पेडल

आमच्या वेल्डिंग शॉपमध्ये धोंडीभाऊ स्टुलाची माफी मागायचे. म्हणजे स्टूल मी पायाने सरकवलं, की ते उठून यायचे, स्टुलाला हात लावून तो कपाळाला लावायचे आणि माझ्याकडे न बघता परत जागेवर जाऊन बसायचे. मी बी.एस्सी. झालेला, आमच्या अख्ख्या भावकीत पहिला. आणि माझ्यासाठी स्टुलाकडे रदबदली करणारा हा माणूस सातवी नापास. पण स्टेनलेस स्टीलच्या पाइपाला त्यांच्यासारखा सांधा पिंपरीपासून आकुर्डीपर्यंत कुणी मारत नव्हतं. तो तपासून पास करायचं काम माझं. त्यामुळे हे मी खात्रीने सांगू शकतो.

त्यांचा कायदा एका ओळीचा होता: "ज्याच्यावर पोट, त्याला पाय न्हाई." मशीनला नाही, वायरला नाही, जमिनीवर पडलेल्या हातोड्यालाही नाही. मी एकदा विचारलं, मग सायकलचं पेडल कसं मारता? तर म्हणाले, सायकल मला पगार देत न्हाई.

आणीबाणीच्या आधीची गोष्ट. कंपनीने आर्गन वेल्डिंगचं मशीन सुधारायचं ठरवलं. तोवर करंट एकदा लावला की लावला. सांधा संपताना झटक्यात तोडायचा, आणि नेमका तिथे खड्डा पडून बारीक चीर जायची. डेअरीच्या दुधाच्या पाइपात अशी चीर चालत नाही. म्हणून नवीन पेडल आलं. दाबलं की करंट वाढतो, सोडत आणलं की हळूहळू उतरतो. दोन्ही हात कामात, म्हणून पाय.

धोंडीभाऊंनी पेडलला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि पाय लावायला नकार दिला.

फोरमन देशमुखांनी समजावून पाहिलं. एसटीचा ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवतो, तो काय पापी? धोंडीभाऊ म्हणाले, त्याचं त्यानं बघावं. मग मात्र फोरमन भडकले. सोमवारपर्यंत पेडल चालवा, नाहीतर गॅस कटिंगच्या शेडमध्ये जा, असं त्यांनी सगळ्यांसमोर सुनावलं. दहा वर्षं ज्याने जोडलं, त्याने आता पत्रे कापत बसायचं.

त्यानंतर दोन दिवस धोंडीभाऊ जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता भंगारात काहीतरी शोधत होते. सोमवारी बघतो तर पेडल टेबलाखाली उभं बांधलेलं, त्यावर पत्र्याची वाटी, वाटीत गोणपाटाची गादी. स्टुलावर बसायचं आणि गुडघ्याने बाजूला रेटायचं.

"धोंडीभाऊ, गुडघा पायातच येतो," फोरमन म्हणाले.

"गुडघं आपण देवापुढं टेकतो, सायेब."

फोरमननी नमुन्यासाठी पाइपाचे दोन तुकडे पुढे केले. धोंडीभाऊंनी मारलेला नमुन्याचा सांधा मी कापून भिंगाखाली धरला. शेवटाला चीर नव्हती. मी पास म्हटलं. फोरमननी वाटीकडे एकदा बघितलं आणि ते निघून गेले.

सगळे पांगल्यावर मी विचारलं, दसरा सोडला तर तुम्ही देवळाच्या वाटेला जात नाही. मग हे पायाचं एवढं कुठून आलं?

धोंडीभाऊ वेल्डिंगची टंगस्टनची सळई घासून टोकदार करत होते. ती घासतच म्हणाले, "हितं आमचं वावर हुतं. कंपन्यांसाठी गेलं. मग बैल ठिवून काय करायचं? चाकणच्या बाजाराला निघालो दोन्ही घिऊन. मोशीच्या पुलापाशी त्यातला हिऱ्या रस्त्यातच बसला. उठंना. मी लाथ घातली."

"मग?"

"उठला की. गप चालत आला बाजारापातूर. इकला."

त्यांनी वेल्डिंगचा मुखवटा खाली ओढला आणि मलाही डोळ्यांना काच लावायला सांगितली. वेल्डिंगचा आर्क पेटून उजेड होईपर्यंत त्या काळ्या काचेतून काहीच दिसत नाही. मी ती डोळ्यांपुढे धरून उभा राहिलो. बराच वेळ मला काहीच दिसलं नाही.