तार कुणाची?

"रविवारी पाचच्या आत जगाच्या दुसऱ्या टोकाशी बोलतो की नाही बघ!" विमा कचेरीतल्या कारकुनानं छाती फुगवून बायकोला सांगितलं. कचेरीत त्याला सर्वज्ञ म्हणत. या गाढवाला ते कौतुक वाटायचं!

हौशी रेडिओचा परवाना हातात पडताच त्यानं गच्चीवरची कपड्यांची तार उतरवून तिथं अँटेना ताणला होता. आठवडाभर ओल्या चादरी खुर्च्यांवर लोळत होत्या.

"पाचपर्यंत रेडिओवर एकानं जरी उत्तर दिलं, तर गच्चीवरची जागा तुमची," बायको म्हणाली. "नाहीतर माझी तार परत!"

रविवारी चारला सर्वज्ञ बसला. वारंवारितांचं विटेएवढं पुस्तक समोर. पहिली पानं मूर्खांसाठी असतात असं त्याचं मत, म्हणून थेट यादी उघडली. गावातल्या हौशी रेडिओ क्लबची वारंवारिता लावली, माइकचं बटण दाबलं. "कुणी ऐकतंय का?" मग माइक टेबलावर ठेवून, घसरू नये म्हणून वर पुस्तक ठेवलं. नेमकं बटणावर! बटण दाबलेलं असेतो आपलं सगळं बाहेर जातं आणि दुसऱ्याचं काहीच ऐकू येत नाही, हे पहिल्याच पानावर होतं.

रेडिओ मुका. सर्वज्ञ तापला.

"झोपलेत सगळे! आणि तो क्लबचा अध्यक्ष? दाताचा डॉक्टर! माझी चांगली दाढ उपटली मेल्यानं, किडकी तशीच!"

"अहो, हळू! शेजारी ऐकतील."

"ऐकू दे! तुझ्या भावालाही ऐकू दे, ऐतखाऊ कुठला!"

"माझ्या भावाचं नाव काढाल तर बघा!"

तासभर हेच!

पाचला पाच मिनिटं कमी असताना दार धडधडलं. तीन घामाघूम माणसं. पुढच्याच्या हातात माशाच्या सांगाड्यासारखा अँटेना.

"सिग्नल इथूनच येतोय! आधी ते पुस्तक उचला!"

"म्हणजे मी ऐकू आलो?" सर्वज्ञ हरखला.

"अख्ख्या क्लबला! दुसऱ्या कुणाला तोंड उघडता आलं नाही. आणि दाढ किडकीच होती!"

सर्वज्ञानं आत्ता कुठे डॉक्टरांना ओळखलं.

"पण... तुम्ही उत्तर दिलंत ना? पाचच्या आत?"

"दारात दिलं. रेडिओवर नाही," डॉक्टर म्हणाले. "वहिनी, तार कुठं बांधायची? मी टोक धरतो."

आता सर्वज्ञ पहाटे उठून स्वतः कपडे धुतो. ते लवकर वाळले, तर दुपारी घटकाभर त्याच खांबांवर अँटेना ताणायची परवानगी आहे. मात्र गप्पा रंगात आल्या की क्लबला हमखास ऐकू येतं, "थांबा हं, आणखी चादरी आल्या!"