शंभर टक्क्यांची सोयरीक

मळवलीच्या निवृत्तीभाऊंनी मुलीच्या सोयरिकीला पेढे आणले नाहीत. विसरले म्हणून नव्हे, चांगला विचार करून आणले नाहीत.

त्यांची चैताली लोणावळ्यातल्या एका लहानशा कारखान्यात कामाला होती. कोकोच्या बिया भाजण्यापासून चॉकलेटची वडी कागदात गुंडाळण्यापर्यंत सगळं तिथे व्हायचं, आणि बी नुसती हुंगून ती कुठल्या मुलखातली हे चैताली सांगायची. बेडस्याचा सुहास तिला पसंत होता, ती त्याला. घोडं अडलं होतं त्याच्या आत्याशी. आई वारल्यावर शालूबाईंनीच त्याला वाढवलेलं, त्यामुळे घरात शब्द त्यांचा. आणि त्यांचा शब्द असा, की पोरगी लाखात एक, पण लग्नानंतर ती गोळ्याबिस्किटांची नोकरी बंद. चैतालीनं इकडे सांगून टाकलं होतं, नोकरी सोडावी लागणार असेल तर लग्नच नको. मध्ये सापडले भाऊ. गेला आठवडाभर त्यांना जेवण गोड लागत नव्हतं.

म्हणून त्यांनी ठरवलं, पोरीच्या हातचंच पाहुण्यांना खिलवायचं. शालूबाईंनी एकदा चव घेतली की नोकरीचं नाव काढणार नाहीत.

चैताली अंघोळीला गेल्यावर त्यांनी तिचा डबा उघडला. वड्यांच्या कागदांवर आकडे होते: पंचेचाळीस टक्के, पंचावन्न, सत्तर, आणि एकीवर शंभर. भाऊंनी उभा जन्म डेअरीला दूध घातलेलं. टक्का कमी म्हणजे पाणी जास्त, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

"ह्या पंचेचाळीसमधी निम्म्याच्या वर भेसळ हाय," ते बायकोला, भामाबाईंना म्हणाले. "सत्तरमधी बी तीस टक्के कायतरी मिसळलंय. सोयरिकीला असलं द्यायचं व्हय? ह्ये बघ, शंभर. एकदम चोख."

"पोरीला इचारा की एकदा."

"तिच्याच हातचं तिला काय इचारायचं!"

आणि त्यांनी ती शंभर टक्क्यांची वडी विळीवर कापून पेढ्याएवढाले तुकडे ताटलीत मांडले.

पाहुणे आले. जयभीम झाला, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना फुलं वाहिली, त्रिशरण-पंचशील झालं. सगळे सतरंजीवर टेकतात तोच शालूबाई म्हणाल्या, "पयलं नोकरीचं बोलू."

"आक्का, आदी तोंड गोड करा, मंग बोलू," असं म्हणत भाऊंनी सुहासच्या वडिलांना, हौशीरामांना, आपल्या हातानं तुकडा भरवला. मुलीच्या बापानं भरवलेला सोयरिकीचा घास थुंकला म्हणजे सोयरीकच थुंकली. हौशीराम जुन्या वळणाचे. त्यांचा जबडा एकदा हलला आणि थांबला. डोळे भरून आले.

भाऊंना गलबलून आलं. "पाव्हणं, रडू नगा. पोरगी मी देतोय, रडायचं तर मी रडायचं," असं म्हणून त्यांनी दुसरा तुकडा भरवला. मग सुहासला. सुहास राष्ट्रगीत लागल्यासारखा ताठ झाला आणि पंख्याकडे बघत राहिला.

"आता तुमी, भाऊ," हौशीराम कसेबसे बोलले. त्यांनी ताटलीतला सगळ्यात मोठा तुकडा निवडून भाऊंना भरवला.

भाऊंच्या तोंडात कडुनिंब आणि करपलेली भाकरी एकदमच आली. पहिल्यांदा त्यांना पाहुण्यांची दया आली आणि मग पोरीची. रोज पहाटे उठून लोणावळ्याला जाते आणि हे करते? पण पाहुण्यांसमोर लेकीला उणं पडू द्यायचं नव्हतं. त्यांनी घास गिळला.

"चोख हाय," ते म्हणाले.

"व्हय. लय चोख," हौशीराम म्हणाले.

तेवढ्यात शालूबाईंनी स्वतःच्या हातानं एक तुकडा उचलून गालात धरला. त्यांना अडवायचं धाडस कुणाला झालं नाही. चहा घेऊन आलेल्या चैतालीची नजर ताटलीवर गेली.

"पप्पा, कुठली वडी कापलीत?"

"शंभरची."

चैतालीनं ट्रे खाली ठेवला. "अहो, त्यात साखरेचा कणही नसतो! शंभर टक्के म्हणजे निव्वळ कोको. आम्ही बियांची चव तपासायला ती ठेवतो. सत्तरमध्ये उरलेली तीस टक्के साखर असते, भेसळ नसते."

सगळे शालूबाईंकडे बघत होते. त्या डोळे मिटून तुकडा या गालातून त्या गालात फिरवत होत्या. आता काय ऐकावं लागणार, म्हणून भाऊंनी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

"कुटलं म्हनायचं ह्ये?" शालूबाईंनी डोळे न उघडता विचारलं.

"केरळातलं, इडुक्कीचं." सवयीनं चैतालीच्या तोंडून पुढचंही निघालं. "शेंगेतल्या बिया केळीच्या पानांखाली आंबवतात, वाळवतात, मग आम्ही मंद भाजतो. मादागास्करचं असेल तर करवंदासारखं आंबूस लागतं, इक्वेडोरच्याला फुलांचा वास येतो. हे आधी कडू, मग मनुक्यासारखं, आणि शेवटी थोडं तंबाखूसारखं. म्हणजे तंबाखू नसते हं त्यात, नुसती चव तशी."

शालूबाईंनी डोळे उघडले.

"पावसाळ्यात डाक्टरनं माजी तंबाकूची मिसरी बंद केली," त्या संथपणे म्हणाल्या. "तवापास्नं बडीशेप झाली, लवंग झाली, आवळा झाला. ग्वाड खाऊन खाऊन जीव इटला. ह्या हौशीरामाला इचारा, घरात कुनाशी नीट बोलले न्हाई मी."

"एक दिवस न्हाई," हौशीराम तळमळून म्हणाले.

"आज डोस्कं शांत झालं." शालूबाईंनी पदर सावरला. "भाऊ, आमची अट हाय."

"आक्का, नोकरीचं जरा—"

"त्येच सांगतीय. पोरीनं नोकरी सोडायची न्हाई. सोडली, तर सोयरीक मोडली म्हनून समजा."

चैतालीनं ट्रेमधला पहिला कप शालूबाईंच्या पुढे ठेवला. सुहासनं मघापासून तोंडात धरलेला घास एकदाचा गिळला. भाऊंना इतका आनंद झाला की तोंडातला कडूपणाही त्यांना आपलासा वाटला.

शालूबाईंनी ताटली ओढून मांडीवर घेतली. "आन् ह्येच्यातलं आता दुसऱ्या कुनी खायाचं न्हाई."

ही दुसरी अट दोन्हीकडच्या मंडळींनी एका आवाजात मान्य केली.