प्रमाण नमुना

तपासणी पथकाला दिलेल्या मेजवानीत कारखान्याचे मुख्य च्यू साहेब यांनीच डुकराच्या मांसावर असा ताव मारला की सकाळी त्यांचं पोट फुगून टम्म झालं. चीनमधल्या हेनान प्रांतातल्या त्या कारखान्यात पोटासाठी डॉक्टर कशाला हवा? कारखाना पोटाच्याच औषधाचा. कोंडा, लाल चवळी, जर्दाळूच्या बिया आणि रानपाला कालवून, पिवळी बुरशी चढेपर्यंत आंबवलेल्या शेनचूच्या वड्या. भाजून काढा केला की जड जेवण जिरतं. पण साहेबांना साधी वडी कशी द्यायची? चिटणीस ब्येननं प्रयोगशाळेच्या कपाटातली ‘प्रमाण नमुना’ लिहिलेली वडी उचलली आणि उकळून त्यांना पाजली. उत्तमातलं उत्तम! लाळघोट्यांची अक्कल ही अशी असते.

ती वडी म्हणजे प्रयोगशाळेचा देव. नव्या मालाचा अर्क यंत्रात घातला की कागदावर उंचसखल रेघ उमटते. ती या वडीच्या रेघेशी जुळली तरच माल पास. रसायनतज्ज्ञ तोंगबाईंनी कपाट उघडलं, तर बाटली रिकामी, आणि दुपारी पथक प्रयोगशाळा तपासायला येणार. ब्येननं कानात सांगितलं की वडी साहेबांच्या पोटात आहे, आता मुकाट बसा. गोदामाला पथकानं तोवर कुलूप ठोकलेलं. बाई घाबरल्या, कोपऱ्यावरच्या दुकानातून वडी आणून त्यांनी बाटलीत ठेवली. पथकानं तिचीच रेघ काढली, माना डोलावल्या आणि बाटलीवर लाल शिक्का मारला.

पुढच्याच आठवड्यात गंग उस्तादांचा माल त्या रेघेशी जुळला नाही आणि नापास झाला. आंबवण्याच्या खोलीत केस पांढरे केलेला माणूस तो. घरापेक्षा त्या ऊबदार खोलीत जास्त राहिलेला. पुन्हा करून बघा, तोही नापास झाला तर खोली बंद, असं साहेबांनी बजावलं. उस्ताद सगळ्या कारखान्याला शिव्या घालत फिरले. पण परत कोंडा चाळायला बसले, ते बघून बाईंच्या पोटात तुटलं. नोकरी गेली खड्ड्यात म्हणत त्या थेट साहेबांच्या खोलीत शिरल्या आणि सगळं ओकून मोकळ्या झाल्या.

साहेब रागावले नाहीत. चहाचा घोट घेऊन त्यांनी विचारलं, "म्हणजे शिक्का बाजारातल्या वडीवर बसलाय?"

"हो साहेब. ती आंबवलेलीसुद्धा नाही. नुसतं पीठ मळायचं आणि खरपूस भाजायचं."

"किती वेळ लागतो?"

"एक सकाळ. पण साहेब, त्यानं पोटाला काही होत नाही."

"पथकानं शिक्का मारलाय, बाई. पथकाला खोटं पाडता का?" साहेबांचा चेहरा खुलला. "एका सकाळीत होतं आणि आम्ही इतकी वर्षं बुरशी राखत बसलोय!"

संध्याकाळपर्यंत आंबवण्याच्या खोलीला कुलूप लागलं आणि तिथे भट्टी बसवायचं ठरलं. उस्ताद वड्या आंबवायच्या चटया गुंडाळून फाटकाशी आले, तेव्हा बाई तिथेच उभ्या होत्या. तुमच्यासाठीच खरं बोलले हो, असं त्या रडत पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या.

उस्तादांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गप्प बसली असतीस ना पोरी, तर निदान एकदा परत करायला तरी मिळालं असतं."