बबनतात्यांचा वावर-नकाशा

उसात बिबट्या शिरला म्हणून आमची सगळी आळी काठ्या घेऊन धावली, तेव्हा बबनतात्या मोबाइल उंच धरून थेट उसाकडे चालले होते.

"तात्या, मागं फिरा! त्यो हितंच हाय!" लोक ओरडत होते.

तात्या बांधावर थांबले. "ते ऱ्हाऊ द्या. ह्या वावराचं नाव काय?"

तेवढ्यात बिबट्या पलीकडच्या बाजूने निघून गेला. त्याला बहुधा नाव माहीत नसावं.

तात्या बोरी बुद्रुकला आमच्या शेजारी राहतात. जमीन मोजणीच्या खात्यात त्यांनी जन्मभर लोखंडी साखळी ओढली. निवृत्तीनंतर माणसं भजनाला लागतात, तात्या वावरांच्या नावांना लागले. "सातबाऱ्यावर नुसता नंबर असतो, मॅडम. नाव लोकांच्या तोंडात असतं. आन् तोंडं तर एकेक करून चालली."

पुढचं जे झालं त्याला मी जबाबदार. मी जुन्नरला कॉलेजात मराठी शिकवते. एकदा ओट्यावर बोलता बोलता मी त्यांना सांगितलं, की हल्ली जुने कागद, बोली, गावोगावची नावं संगणकावर आणून अभ्यासतात, त्याला डिजिटल मानव्यविद्या म्हणतात. तात्यांनी 'विद्या' ओट्यावरच ठेवली आणि 'डिजिटल मानव' घेऊन घरी गेले.

मग त्यांनी निरगुडसरला एका ओळखीच्याला फोन केला, "सोमवारी डिजिटल मानवाचं काम घेऊन येतोय." सोमवारी एसटी थांबली तर पारावर निम्मं गाव जमलेलं, दोघीतिघींच्या हातात आरतीची ताटं. गाडीतून उतरले तात्या. डोक्याला टॉवेल आणि हातात काठीच्या टोकाला बांधलेला मोबाइल. एका म्हातारीने पुढे होऊन त्यांच्या दंडाला चिमटा काढला आणि मागे वळून सगळ्यांना सांगितलं, "हुबेहूब माणसावानी केलाय की गं!"

तात्यांना राग आला नाही. त्यांनी म्हातारीला तिच्या वावराचं नाव विचारलं आणि ओवाळून घेतलं.

माझी भाची एम.ए. होऊन घरी बसली होती. तात्या तिला रोज सांगायचे, "पोरी, ह्यात लई संधी हाय!"

"पगार किती, तात्या?"

"पगार कुठं म्हणलो मी? संधी म्हणलो."

तरी तिने त्यांनी गोळा केलेली नावं संगणकात भरून दिली, नकाशावर एकेक ठिपका बसवून दिला. आणि गंमत अशी, की ते काम पाहून पुण्याच्या एका संशोधन प्रकल्पाने तिला खरोखर नोकरी दिली. तेव्हापासून तात्या आमच्या गल्लीत छाती जरा पुढे काढूनच चालतात.

डिंगोरे गावात दोन भाऊ, वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. थोरला म्हणाला, वावराचं नाव 'मावशीचा मळा'. धाकटा म्हणाला, 'माशीचा मळा'. तात्यांनी दोघांना एकाच बांधावर उभं केलं.

"मावशी कुठली रं आपल्याला? आईला भन व्हती का?" धाकटा कडाडला.

"आन् माशीला कोण मळा देतं, येड्या?"

तासभर दोघे भांडले आणि मग हसत सुटले. तात्यांनी शांतपणे दोन्ही नावं लिहिली आणि पुढे शेरा मारला : पाठभेद. हा शब्द त्यांनी माझ्याकडून उचललेला. आता घरात भाजी आणि आमटीची चव जुळली नाही, तरी तो पाठभेदच असतो.

मे महिन्यात त्यांनी एकदा सकाळीच मला हाक मारली. "मॅडम, आंबेगावाकडं यायचं का? धरणाचं पाणी लई खाली गेलंय."

माझ्या स्कूटीवरून आम्ही गेलो. पाणी हटून मैलभर भेगाळलेला गाळ उघडा पडला होता. तात्यांनी चपला काढून हातात घेतल्या आणि ते गाळात उतरले. एका दगडी बांधाजवळ थांबले.

"हे आमचं."

मला माहीतच नव्हतं. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी विचारलंही नव्हतं, की तुमचं मूळ गाव कुठलं.

"धरणासाठी मोजणी झाली, तवा मी नोकरीत नवा व्हतो. ह्या वावराची साखळी माझ्याच हातात व्हती. सायबानं नंबर सांगितला, मी नंबर लिहिला. आई बांधावर उभी राहून म्हणत व्हती, 'नाव बी लिही की रं बाळा.' मी म्हणलो, आई, नावाला रकाना न्हाई." ते पाण्याकडे बघत राहिले. "गावची माणसं कुठं कुठं पांगली. आता हितली नावं ठावी असलेला मी एकटाच."

मी मोबाइल काढला. "सांगा, तात्या."

त्यांनी हात लांब केला आणि बोटाने दाखवत सांगू लागले : आंब्याचं, उगवतीकडलं दोडक्याचं, गोसाव्याची पट्टी... गाळातली, पाण्यातली, दिसणारी, न दिसणारी. मी टाइप करत होते. शेवटचं नाव, पायाखालच्या वावराचं 'वैजूचं', सांगून ते थांबले. "वैजू म्हंजे आई."

मग बांधावर बसले आणि म्हणाले, "आता तुमी वाचा. सावकाश वाचा."

मी वाचू लागले. प्रत्येक नावाला तात्या हळूच "हं" म्हणत होते.