कन्हारात फसलेला ट्रॅक्टर

नीलेशने सकाळपासून तिसऱ्यांदा सासऱ्यांचा ट्रॅक्टर चिखलात घातला आणि तिसऱ्यांदा तो बोनेटसकट जमिनीत गडप झाला. "मर मेल्या," नीलेश संगणकाला म्हणाला. सासरे शेजारच्या खोलीत आंबे खात बसले होते, म्हणून हळू आवाजात म्हणाला.

पुण्याच्या ज्या कंपनीत तो कामाला होता, तिचा धंदाच हा होता. कोणतं वाहन कोणत्या मातीत चालेल, कुठे फसेल, कुठे उलटेल, हे आधी पडद्यावर चालवून पाहायचं. नीलेश हे काम भंडाऱ्याला घरी बसून करायचा. आणि घरी बसून पगार घेणारा जवाई ही गोष्ट बपेऱ्याच्या भैय्याजींच्या गळ्याखाली काही उतरत नव्हती. आपला जवाई दिवसभर गाड्यांचा खेळ खेळतो, असं ते चारचौघांत सांगायचे आणि वर उसासा सोडायचे.

आज मात्र ते आंब्याची पेटी घेऊन मुद्दाम आले होते. धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या खाचरात, चिखलणी करायला त्यांना पन्नास हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर घ्यायचा होता. "दुकानदाराले पाच वाजेपर्यंत हो का नाही सांगाचं आहे," ते म्हणाले. "तुमचा खेळ खरा असन, तर टॅक्टर माह्या बांधीत फसन का नाही तेवढं सांगा. नाही जमलं, तर सोमवारपासून बपेऱ्याले या. कृषी केंद्रावर मले घरचा माणूस पाहिजेच आहे."

म्हणजे खताच्या पोत्यांमध्ये गल्ल्यावर बसायचं आणि उरलेला जन्म युरिया आला का, याची उत्तरं द्यायची. पण सासऱ्यांवर डाफरता येत नाही. त्याने निमूटपणे बांधीची लांबी विचारली, पाणी किती साचतं ते विचारलं. शेवटी माती कोणती ते विचारलं. भैय्याजींनी तांदूळ निवडत बसलेल्या आपल्या विहीणबाईंकडे, म्हणजे नीलेशच्या आईकडे, एकदा पाहिलं आणि ठासून सांगितलं, "कन्हार. पूरी कन्हार." कन्हार म्हणजे काळी चिकट जमीन. ती ज्याच्याकडे असते तो दोन बोटं उंचच चालतो. नीलेशने कन्हार मातीचे आकडे भरले आणि कामाला लागला.

आधी तर पडदाच काळा झाला. लिनक्सने रात्री स्वतःचं स्वतः काहीतरी नवीन बसवून घेतलं होतं आणि त्या नादात ग्राफिक्सचा ड्रायव्हर कामातून गेला होता. कोणी सांगितलं होतं याला नटायला? ड्रायव्हर काढून पुन्हा घालण्यात तास गेला. मग ट्रॅक्टर दिसला, बांधीत उतरला, थोडासा चालला आणि बुडाला. नीलेशला त्यात नवल वाटलं नाही. या प्रोग्रामची ही जुनीच खोड होती. कधी कधी वस्तू जमिनीला जुमानतच नसत, आरपार जात. त्याने हिशोबाचे टप्पे बारीक केले. आता तोच ट्रॅक्टर बुडायला चाळीस मिनिटं घेऊ लागला. चाळीस मिनिटं तो मूठ आवळून बघत बसला, तरी शेवटी गेलाच तळाला.

तेवढ्यात त्याची बायको हर्षा डोकावली. तिच्या बाबांनी आयुष्यात एकच गोष्ट विचारली, तीही जमत नसेल तर खरंच बपेऱ्याला जाऊ, तिथे निदान घर मोठं आहे, असं ती अगदी गोड आवाजात बोलून गेली. नीलेशचं डोकं आणखी सणकलं. त्याने जमिनीचा हिशोब करणारा अख्खा भागच काढून टाकला आणि जुना बसवायला घेतला. जुन्याला जुनी फाइल लागत होती, त्या फाइलला त्याहून जुनी. ती मिळाली तेव्हा वीज गेली. इन्व्हर्टरने दहा मिनिटं साथ दिली आणि मान टाकली. भैय्याजींनी बाहेरून, तुमचा खेळ विजेवर चालतो काय, म्हणून चौकशी केली. नीलेशने दात आवळून हो म्हटलं.

तीन वाजता वीज आली. साडेतीनला त्याने कंपनीतल्या स्वातीला फोन लावला. ती त्याच्यापेक्षा वरच्या जागेवर होती आणि तिला राग येत नसे, याचा त्याला फार राग यायचा. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "इनपुट तपासलंस का?"

"इनपुट माझ्या सासऱ्यांनी दिलंय," नीलेश म्हणाला. "त्यावर शंका घेऊन मला या घरात राहायचं नाहीये का?"

फोन आपटून त्याने शेवटचा उपाय केला. होतं नव्हतं ते सगळं पुसलं आणि पहिल्यापासून बसवलं. सव्वाचार वाजले. स्वच्छ, कोरं, काही म्हणता काही खोट नसलेलं सॉफ्टवेअर सुरू झालं. भैय्याजींचा ट्रॅक्टर डौलात बांधीत उतरला आणि आधी बुडाला होता अगदी त्याच जागी बुडाला. नीलेशने कीबोर्ड उचलला. भिंतीवर मारायचा की जमिनीवर, एवढंच ठरायचं होतं.

तेव्हा दार हळूच उघडलं. भैय्याजी आत आले, मागे वळून पाहिलं आणि दाराला कडी घातली. पलंगाच्या टोकावर बसून त्यांनी धोतराच्या सोग्याने हात पुसले.

"जवाईबापू," ते कुजबुजले, "सिहार घालून पाहा बरं."

"काय?"

"सिहार आहे माही जमीन. रेतीवाली. कन्हार नाही."

सकाळपासून आवरून धरलेलं सगळं नीलेशच्या तोंडून एकदम फुटलं. "मामाजी, सहा तास झाले मी या मशीनचा जीव घेऊन राहिलो. नोकरी जायची पाळी आणली तुम्ही माझी. काहून नाही सांगतलं?"

"कसा सांगू? तुमच्या लगनाच्या बैठकीत तुमच्या आईले कन्हार सांगतलं होतं. आज सकाळी त्या समोरच बसल्या होत्या." भैय्याजींचा चेहरा खरोखर पडला होता. "मले काय बरं वाटून राहिलं होतं का? एक आंबा गेला नाही नरड्याखाली." बाहेर त्यांच्या ताटात अकरा कोया होत्या, त्या नीलेशने पाण्याला जाता-येता पाहिल्या होत्या.

त्याने दातओठ खात सिहारचे आकडे भरले. ट्रॅक्टर बांधीत उतरला आणि या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत चिखल करत सरळ निघून गेला. पाचला दहा मिनिटं कमी होती. भैय्याजींचे डोळे चमकले. दुकानदाराला होकार कळवून ते तरातरा बाहेर गेले आणि विहीणबाईंना हाताला धरायचं तेवढं बाकी ठेवून संगणकापुढे घेऊन आले.

"पाहा, इहीनबाई. हिरा आहे तुमचा पोरगा. अस्सल कन्हारात चालवून दाखवला टॅक्टर. असा माणूस मी खताच्या दुकानात बसवीन का?"

नीलेशच्या आईचं, निर्मलाबाईंचं, माहेर-सासर दोन्ही हातमागवाल्यांचं, मातीतलं त्यांना काही कळत नव्हतं. त्या कौतुकाने मान डोलवत राहिल्या. हर्षाने नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं लग्नानंतर फारसं पाहिलं नव्हतं. नीलेशने एकदा सासऱ्यांकडे पाहिलं, एकदा कृषी केंद्राचा विचार केला, आणि हो म्हणाला. कन्हारच आहे म्हणाला. रागाने कान मात्र लाल झाले होते.

भैय्याजींनी मग आपल्या तोंडाला कुलूप घातलं नाही. कन्हारात ट्रॅक्टर तारणारा जवाई त्यांनी बपेरा ते तुमसर सगळ्या रस्त्यावर सांगितला. पुढच्या रविवारी सकाळी आठ वाजता नीलेशच्या दारात सात माणसं उभी होती. प्रत्येकाला ट्रॅक्टर घ्यायचा होता. नीलेशने कपाळावर हात मारला, वही काढली आणि पहिल्या माणसाला, सुखरामजींना, माती विचारली.

"कन्हार," सुखरामजी म्हणाले. मागच्या सहा जणांनीही माना हलवल्या. सगळ्यांची कन्हारच होती.

आता मात्र नीलेश शहाणा झाला होता. त्याने पेन थांबवला आणि करड्या आवाजात विचारलं, "घरात लग्नाची पोरगी आहे का?"

सुखरामजींचा चेहरा एकदम उजळला. ते खुर्ची पुढे ओढून बसले.

"आहे ना जी. बीएस्सी झाली औंदा. काहून, तुमच्या पाहण्यात आहे का एखादा कन्हारवाला?"