एकशे चाळीस मीटरचं मैदान

कुठल्याही आकाराच्या आत काय आहे, यापेक्षा त्याच्या कडेने किती चालावं लागतं हे कळणं, ही सुसंस्कृतपणाची पहिली पायरी होय. म्हणूनच परिमिती चौथीत शिकवतात. आतल्या जागेचं, म्हणजे क्षेत्रफळाचं, पाचवीत बघतात. (तोवर मुलांनी आत डोकावू नये, अशी अपेक्षा असते.)

चौथीच्या बाईंना हे मान्य होतं. फळ्यावरचे आयत बघून पोरं पेंगायला लागली, तेव्हा त्यांनी वर्ग सरळ मैदानात नेला. लांबी चाळीस मीटर, रुंदी तीस. मुलांनी टेप धरून कुंपणाच्या कडेने फेरी मारली, एकशे चाळीस उत्तर काढलं आणि उरलेला तास पकडापकडीत घालवला. बाईंच्या लेखी खरा धडा तोच. पण तसं पाठाच्या टाचणात लिहिता येत नाही.

त्याच सुमारास पालकांनी तक्रार केली, की मुलांना सोडायला यावं तर गाडी लावायला जागा नाही. संस्थेने तत्परतेने मैदानाचा एक चौकोनी कोपरा गाड्यांना दिला आणि कुंपण तेवढं आत वळवून घेतलं. मैदान लहान नाही का होणार, असं बाईंनी हळूच विचारलं. शंका मोजून फेडावी, असं मुख्याध्यापकांनी सांगितलं. वर्गाने मोजलं. कोपरा कापला की दोन कडा जातात आणि तेवढ्याच लांबीच्या दोन नव्या मिळतात. उत्तर एकशे चाळीस. दुसऱ्याच दिवशी फलकावर झळकलं : मैदान तसूभरही घटलेलं नाही, हे चौथीच्या विद्यार्थ्यांनी सिद्ध केलं आहे.

मग प्रगतीला धरबंद राहिला नाही. गाड्या मोठ्या झाल्या म्हणून दुसरा कोपरा गेला. घरटी दोन झाल्या म्हणून तिसरा. चौथा नुसता शोभेसाठी. पुढे चारही कोपऱ्यांची कुंपणं हळूहळू आत सरकली. दरवेळी मुलं टेप घेऊन हजर, दरवेळी उत्तर एकशे चाळीस. गणितात असा निकाल शाळेने कधी पाहिला नव्हता. शेवटी मैदान बेरजेच्या चिन्हासारखं उरलं : दोन बोळ, एकमेकांना छेदणारे. पकडापकडी आपोआप बंद पडली. आगगाडीचा खेळ मात्र फार शिस्तीत होई. (इंजिनाला वळता येत नसे, एवढंच.)

आता बोळांची रुंदीही निम्मी करायची, असा ठराव पालकसभेपुढे आला. बाईंना एकच आशा होती. आईबापांना कळलं, तर ते अडवतील.

सभेत मुलांनी आकृती काढून उत्तर दाखवलं. टाळ्या पडल्या. तेवढ्यात वर्गात सगळ्यांत जोरात पळणारी, म्हणजे पूर्वी पळणारी, मुलगी उभी राहिली. तिला सगळे शंकासूर म्हणत.

"बाई, उत्तर तेवढंच येतं, मग आम्ही मावत का नाही?"

"ते पाचवीत आहे, बाळ," मुख्याध्यापक म्हणाले.

बाई उठल्या. एवढ्या वर्षांत पाठ सोडून त्या कधी बोलल्या नव्हत्या. "कुंपण तेवढंच आहे, पण आतलं मैदान गेलंय. पोरांना पळायला जागा उरलेली नाही."

पुढच्या रांगेतल्या एका वडिलांनी गंभीरपणे विचारलं, "बाई, हे परीक्षेला आहे का?"

"नाही."

"मग कशाला पोरांच्या डोक्याला ताप?"

सभेचा जीव भांड्यात पडला. ठराव एकमताने मंजूर झाला आणि सगळे किल्ल्या वाजवत आपापल्या कोपऱ्याकडे गेले.

बाई अजूनही वर्ग घेऊन बोळात जातात. हे वाचून आपल्याला त्या पालकांचा राग आला असेल, आणि तो यायलाच हवा. फक्त शाळा सुटायची वाट पाहत गाडीत बसून हे वाचत असाल, तर गाडी मागे घेताना हॉर्न वाजवू नका. टेप धरलेल्या मुलांना बाजूला व्हायला जागा नाही.